गटाराचं झाकण

गेल्या आठवड्यात हापिसात जेवणाच्या टेबलावर एक वाद झाला. विषय नेहमीप्रमाणे कुठून कुठे भरकटला. सुरुवात कुणाच्या तरी डब्यातल्या भेंडीवरून झाली आणि आम्ही पोचलो एडी मर्फीवर. टीममधल्या एकाने आदल्या रात्री त्याचा १९८७ चा 'रॉ' पाहिला होता. हेडफोन लावून अर्थातच, कारण गावाहून आईवडील आलेत आणि त्या कार्यक्रमात दर दुसऱ्या वाक्याला शिवी आहे. "हाच माणूस पुढे 'श्रेक'मधलं गाढव झाला यावर विश्वास बसत नाही राव," तो म्हणाला. त्यावर आमचा दोन पोरांचा बाप असलेला सीनियर, डब्याचं झाकण लावत, अगदी थंडपणे म्हणाला, "पोरं झाली की सगळ्यांचंच गाढव होतं."

सगळे खो खो हसले. मीही हसलो. गेल्या सहा महिन्यांपासून मीही त्याच पंगतीत बसलोय ना.

पण किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. विनोदी माणूस बाप झाला की 'सहकुटुंब सहपरिवार' कामाकडे वळतो, हे खरं आहे का? मर्फीचं उदाहरण पहिल्यांदा पटतं. १९८७ मध्ये 'रॉ', १९८९ पासून घरात मुलं यायला सुरुवात (आता एकूण दहा!), मग १९९८ मध्ये प्राण्यांशी बोलणारा डॉक्टर डूलिटल, २००१ मध्ये गाढव, २००३ मध्ये 'डॅडी डे केअर'. झालं, सिद्धांत सिद्ध. फक्त मधली दहा वर्षं कुठे गेली असं विचारायचं नाही. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात त्याचे सिनेमे पडत होते, आणि १९९६ च्या 'द नटी प्रोफेसर'ने त्याला परत उभं केलं. लहान मुलाचं तिकीट कधी एकटं विकलं जात नाही, बरोबर आईबापांचीही तिकिटं लागतात, हा हिशोब समजायला बाप व्हावं लागत नाही.

आणि जॉर्ज कार्लिन तर सिद्धांताचं पार वाटोळं करतो. त्याची मुलगी जन्मली १९६३ साली. त्या काळात हा गृहस्थ सूट-टाय घालून टीव्हीवर अगदी सोज्वळ विनोद करायचा. १९७० च्या सुमारास त्याने केस वाढवले, टाय फेकला आणि १९७२ मध्ये टीव्हीवर न चालणाऱ्या सात शब्दांच्या त्या प्रसिद्ध कार्यक्रमापायी मिलवॉकीत अटक करून घेतली. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. पुढे १९९१ मध्ये हाच कार्लिन 'शायनिंग टाइम स्टेशन' नावाच्या बच्चेकंपनीच्या मालिकेत आगगाडीच्या गोष्टी सांगायला लागला, तेव्हा मुलगी अठ्ठावीस वर्षांची घोडी झाली होती. म्हणजे पोर लहान असताना शिव्या, आणि मोठं झाल्यावर आगगाडी!

असो. हे सगळं टेबलावर सांगायचं राहिलं, कारण दोनची मीटिंग होती. पण रविवारी दुपारी काय झालं ते सांगतो.

आमची कन्या सध्या फक्त खांद्यावर झोपते. खाली ठेवलं की सायरन. बायको दोन तास बाहेर गेली होती, टीव्हीचा आवाज बंद, आणि मी सोफ्यावर पुतळ्यासारखा बसलेलो. आवाजाशिवाय काय बघता येईल? मूकपट! लावला चॅप्लिनचा 'द किड'. कॉलेजात फिल्म क्लबवाल्यांनी दाखवला होता, तेव्हा मागच्या बाकावर बसून आम्ही भरपूर हसलो होतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: एका लग्न न झालेल्या आईने श्रीमंताच्या मोटारीत ठेवलेलं बाळ, मोटार चोरीला गेल्यामुळे, एका गल्लीत कचऱ्याजवळ येऊन पडतं. तिथून चाललेला आपला फाटका भटक्या ते उचलतो आणि पुढची काही मिनिटं ते कुणाच्या तरी गळ्यात मारायचा प्रयत्न करतो. एका बाईच्या बाबागाडीत टाकून बघतो, ती त्याला बडवते. एका म्हाताऱ्याच्या हातात देऊन पळतो, ते परत त्याच्याकडेच येतं. पोलीस आहेच कोपऱ्यावर. शेवटी तो बाळ घेऊन फुटपाथच्या कडेला बसतो. पायाशी गटाराचं झाकण. तो ते झाकण उचलतो. आत बघतो. बाळाकडे बघतो. क्षणभर विचार करतो, आणि झाकण परत लावून टाकतो.

कॉलेजात याच प्रसंगाला सगळ्यात मोठा हशा होता. आणि रविवारी, सहा किलोचं एक ऊबदार गाठोडं खांद्यावर श्वास घेत असताना, माझा हात आपोआप तिच्या पाठीवर घट्ट झाला. हसू आलंच नाही असं नाही. आलं, पण त्याच्याबरोबर दुसरंही काहीतरी आलं.

मग कन्या झोपलेली असेपर्यंत आणि नंतर दोन-तीन रात्री जागून मी या सिनेमाच्या मागे लागलो.

चॅप्लिनचं लग्न झालं २३ ऑक्टोबर १९१८ ला, मिल्ड्रेड हॅरिस नावाच्या नटीशी. तो २९ वर्षांचा, ती जेमतेम सोळा-सतरा. लग्नाचं कारण म्हणजे ती गरोदर आहे असं त्याला सांगण्यात आलं, आणि लग्नानंतर कळलं की तसं काही नव्हतं. (तिचं वय बघता या सगळ्या प्रकरणात त्याची बाजू घ्यावीशी मला अजिबात वाटत नाही.) पुढे ती खरोखर गरोदर राहिली. ७ जुलै १९१९ ला मुलगा झाला. नाव नॉर्मन स्पेन्सर. बाळात जन्मजात गंभीर व्यंग होतं. १० जुलैला ते गेलं. थडग्यावर नाव आहे 'द लिटल माउस', म्हणजे इवलासा उंदीर.

चॅप्लिनच्या स्टुडिओचं दफ्तर चाळून डेव्हिड रॉबिन्सन याने १९८५ मध्ये चॅप्लिनचं जाडजूड चरित्र लिहिलं. त्यात एक नोंद आहे, जी वाचून मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ नुसता बसलो. आपलं मूल गेल्यानंतर दहाएक दिवसांत चॅप्लिन स्टुडिओत तान्ही बाळं बघत होता. नव्या सिनेमासाठी, निवडायला.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सिद्धांत खराच की. थांबा. स्वतः चॅप्लिनने हा संबंध कुठे जोडला नाही. १९६४ च्या आत्मचरित्रात त्या बाळाला दोनच ओळी मिळतात. 'द किड'चा उगम तो वेगळाच सांगतो: डोक्यात काही सुचत नव्हतं, लॉस एंजेलिसच्या ऑर्फियम थिएटरात एका नर्तकाचा कार्यक्रम बघायला गेलो, शेवटी त्याचा चार वर्षांचा पोरगा बापाबरोबर स्टेजवर येऊन नाचला आणि त्याने सगळी मजा लुटली. तो पोरगा जॅकी कूगन. पुढे कळलं की फॅटी आर्बकलने कूगनला करारबद्ध केलंय; चॅप्लिन दिवसभर हळहळला, आणि मग समजलं की तो करार बापाशी होता, पोरगा मोकळाच आहे.

आणि हेही मान्य करायला हवं की चॅप्लिनचा भटक्या १९१९ च्या आधीपासूनच मवाळ होत चालला होता. १९१८ च्या 'अ डॉग्ज लाइफ'मध्ये त्याने एका बेवारस कुत्र्याला जवळ केलं होतंच. कुत्र्याच्या जागी पोरगं ठेवलं की झाला 'द किड', असंही कुणी म्हणू शकेल.

पण मग १९१४ चा 'हिज ट्रिस्टिंग प्लेस' बघा. कीस्टोन कंपनीच्या दिवसांतला, धावपळ आणि लाथाळीवाला. त्यात तो चक्क नवरा आणि बाप आहे. बाळाला तो मानेमागच्या कपड्याला धरून पिशवीसारखं लटकवतो, आणि खेळायला त्याच्या हातात पिस्तूल देतो. गंमत आहे, वादच नाही. पण त्या सिनेमात बाळ म्हणजे एक वस्तू आहे. काठी, टोपी, बाळ. त्याच्या जिवाला काही झालं तर, हा प्रश्न त्या जगात येतच नाही, कारण तिथे कुणालाच कधी काही होत नाही.

'द किड'मध्ये तो प्रश्न आला. गटाराचं झाकण उचलल्यावर आत खरंच गटार आहे. सगळा फरक मला इथे दिसतो. बाप होण्याने चॅप्लिनचा विनोद 'स्वच्छ' वगैरे झाला नाही. उलट त्यात आधी नसलेली एक भीती शिरली.

ही भीती कुठली, हे बघायला आणखी मागे जावं लागतं. १८९६ साली, सात वर्षांचा असताना, चार्ली, त्याचा सावत्र भाऊ सिडनी आणि आई हॅना लंडनच्या लॅम्बेथ वर्कहाऊसमध्ये दाखल झाले. वर्कहाऊस म्हणजे सरकारी गरीबखाना. छप्पर आणि अन्न मिळे, त्याबदल्यात राबायचं. आणि आत शिरताच आई एकीकडे, पोरं दुसरीकडे. थोड्याच दिवसांत पोरांची रवानगी हॅनवेलच्या अनाथ-गरीब मुलांच्या शाळेत झाली. बाप होता, पण वेगळा राहायचा. संगीत-नाटकांत गाणारा, दारूत बुडालेला. तो १९०१ मध्ये गेला. पुढे आईच्या मनाचा तोल गेला आणि तिला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं.

आत्मचरित्रातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. एके दिवशी हॅनाने वर्कहाऊसमधून रीतसर सुटी करून घेतली, मुलांनाही बोलावून घेतलं. तिघं केनिंग्टनच्या बागेत गेले. सिडनीने रुमालात नऊ पेन्स बांधून ठेवले होते, त्यातून काळ्या चेरी घेतल्या. कागदाचा चेंडू करून खेळले. आणि संध्याकाळी तिघंही चालत परत वर्कहाऊसच्या दारात हजर, पुन्हा भरती व्हायला. आईला फक्त पोरांबरोबर एक दिवस हवा होता. तेवढ्यासाठी तिने सगळी सरकारी भानगड दोनदा केली.

आता 'द किड'मधला तो दुसरा प्रसंग आठवा. पाच वर्षं झालीत. भटक्या आणि पोरगा माडीवरच्या खोलीत राहतात (ती खोली चॅप्लिनच्या लहानपणच्या लंडनच्या खोल्यांसारखी दिसते हा काही योगायोग नसावा). पोरगा दगड मारून लोकांच्या काचा फोडतो आणि मागून हा काचा बसवणारा म्हणून येतो. बिझनेस मॉडेल म्हणून निर्दोष! पोरगा आजारी पडतो, डॉक्टरला कळतं की हा खरा बाप नाही, आणि अनाथाश्रमाचे साहेब गाडी घेऊन दारात येतात. पोराला उचलून मालासारखं गाडीत टाकतात. तो हात पसरून रडतोय, आणि हा इकडे पोलिसांच्या तावडीतून सुटून छपरांवरून धावत सुटतो, गाडीच्या मागे.

त्या गाडीतलं पोरगं कोण आहे, हे आता सांगायला नको. आणि छपरांवरून धावणारा माणूस म्हणजे जो लॅम्बेथमध्ये कधी आलाच नाही, तो बाप. एकाच माणसाने दोन्ही बाजू उभ्या केल्यात. मला वाटतं, तीन दिवसांच्या नॉर्मनने चॅप्लिनसाठी जर काही केलं असेल तर हे केलं: त्याला बापाच्या जागेवर उभं केलं आणि तिथून स्वतःचं लहानपण दाखवलं. पुरावा? नाही. बारा वाजेपर्यंत जागून काढलेलं हे माझं अनुमान आहे, तेवढ्याच किमतीत घ्या.

आता थोडा चविष्ट मजकूर. रडण्याच्या त्या प्रसंगासाठी जॅकी रडेचना, कारण तो सेटवर फार मजेत होता. त्याचा खरा बाप म्हणाला, मी बघतो. त्याने पोराला सांगितलं की रडला नाहीस तर तुला खरोखरीच्या वर्कहाऊसमध्ये पाठवतो. पोरगं असं ओक्साबोक्शी रडलं की चॅप्लिन त्याला समजवायला धावला. तर जॅकी हळूच त्याच्या कानात म्हणाला की बाबा गंमत करत होते हे मला ठाऊक होतं.

चित्रीकरण वर्षभर लांबलं. चॅप्लिनने लाखो फूट फिल्म खर्च केली, आणि शेवटी सिनेमा झाला सहा रिळांचा. आमच्याकडे असा प्रोजेक्ट असता तर मॅनेजरला हार्ट अटॅक आला असता. तेवढ्यात मिल्ड्रेडशी घटस्फोटाची लढाई सुरू झाली आणि फिल्मवरच जप्ती येईल अशी चिन्हं दिसू लागली. मग १९२० च्या ऑगस्टमध्ये सगळी निगेटिव्ह कॉफीच्या डब्यांत भरून पठ्ठ्या राज्याबाहेर, सॉल्ट लेक सिटीला पसार झाला आणि हॉटेलच्या खोलीत बसून संकलन केलं. गव्हर्नर मॉरिस नावाच्या लेखकाने त्याला आधीच बजावलं होतं की धसमुसळा विनोद आणि हृदयाला हात घालणारी गोष्ट एकत्र नांदत नाहीत. जानेवारी १९२१ मध्ये न्यूयॉर्कला 'द किड' दाखवला गेला आणि त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या यशांपैकी एक ठरला.

जॅकीचं पुढे काय झालं? तो जगातला पहिला मोठा बालनट झाला, लाखो डॉलर कमावले. वडील १९३५ मध्ये मोटार अपघातात गेले, आणि सज्ञान झाल्यावर त्याला कळलं की आई आणि सावत्र वडिलांनी जवळजवळ सगळे पैसे उडवलेत. १९३८ मध्ये त्याने कोर्टात खेचलं, हाती लागले १,२६,००० डॉलर. त्यावरून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा कायदा झाला, जो आजही कूगनच्याच नावाने ओळखला जातो. पडद्यावरचा खोटा बापच बरा म्हणायचा.

गल्लीत टाकलेलं पोर आणि फाटका बाप ही जोडी मुंबईतही आली. मेहमूदचा 'कुंवारा बाप', १९७४. तोवर मेहमूद म्हणजे 'गुमनाम'मधला लुंगीवाला बटलर, 'पडोसन'मधला शेंडीवाला गाण्याचा मास्तर, 'बॉम्बे टू गोवा'. हिरोपेक्षा जास्त टाळ्या घेणारा माणूस. आणि अचानक त्याने सिनेमा काढला तो एका सायकल-रिक्षावाल्यावर, ज्याच्या गळ्यात टाकून दिलेलं एक बाळ पडतं. 'द किड'शी नातं लपत नाही. फक्त इथे पोराला पोलिओ होतो.

मेहमूदचा मुलगा मकदूम, ज्याला सगळे मॅकी म्हणत, याला लहानपणी खरोखरच पोलिओ झाला होता. सिनेमात मुलाचं काम त्यानेच केलं. म्हणजे चॅप्लिनने जे नाव न घेता केलं ते मेहमूदने उघड, कॅमेऱ्यासमोर, स्वतःच्या पोराला घेऊन केलं. आज बघायला गेलं तर 'कुंवारा बाप' मला सिनेमा म्हणून 'द किड'च्या जवळपासही वाटत नाही. भाषणं आहेत, रडारड भरपूर, गाणी मात्र झकास (राजेश रोशनचा हा पहिला सिनेमा). पण त्याला नावं ठेवताना जीभ अडखळते. भारतात सरकारी विस्तारित लसीकरण सुरू झालं १९७८ मध्ये, त्यात पोलिओची लस आली १९७९ मध्ये. म्हणजे या विनोदी नटाने पोलिओच्या लशीवर अख्खा सिनेमा काढला तो त्याच्या चार-पाच वर्षं आधी. देशातला शेवटचा रुग्ण सापडला जानेवारी २०११ मध्ये, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. परवा नर्सबाईंनी आमच्या कन्येच्या तोंडात दोन थेंब टाकले, तेव्हा मी फोनवर बिल्ड फेल झाल्याचे मेसेज बघत होतो.

जाता जाता सीनियरच्या सिद्धांताला शेवटचा धक्का. चॅप्लिनला एकूण अकरा मुलं झाली. १९४४ मध्ये जेराल्डिन, १९४६ मध्ये मायकेल जन्मला. घरात दोन लहान पोरं रांगत असताना या माणसाने काय काढलं? 'मसिए व्हर्डू', १९४७. नोकरी गेलेला एक बँक कारकून श्रीमंत बायकांशी लग्न करून त्यांना मारतो आणि त्यांच्या पैशावर घर चालवतो. त्याच्या सगळ्या सिनेमांतला हा सर्वांत काळा. आणि व्हर्डू हे का करतो? घरी अपंग बायको आणि छोटा मुलगा आहे, त्यांना पोसायला. पुन्हा तोच बाप, तीच पोराची काळजी, पण आता सहकुटुंब बघायला न्यायची सोय नाही. दहा वर्षांनी, १९५७ च्या 'अ किंग इन न्यूयॉर्क'मध्ये त्याने मायकेललाच पडद्यावर आणलं: एक मुलगा, ज्याच्या आईवडिलांना सरकारी चौकशी समिती छळतेय.

१९७१ मध्ये, ८२ व्या वर्षी, चॅप्लिन परत 'द किड'कडे वळला. तोवर त्याची नातवंडंही आली होती. मूकपटाला त्याने नवं संगीत दिलं आणि कात्रीही चालवली. आईच्या भागातले काही प्रसंग त्याला फार भावुक वाटले असावेत, ते उडवले. रविवारी मी पाहिली ती हीच प्रत, फक्त आवाज बंद ठेवून. सोमवारी रात्री कन्या झोपल्यावर हेडफोन लावून पुन्हा थोडी पाहिली, त्याचं संगीत ऐकायला. गटाराचं झाकण त्याने कापलेलं नाही.